रिकामं मशीन

मे महिन्यात वार्डोला मावळायचं विसरलेला सूर्य
जुलै अर्धा सरला तरी खिडकीत उभाच.
ऑडवारनं काचांना चंदेरी कागद चिकटवला,
मासे भाजताना गुंडाळतात तो.
भोकं राहिलीच. उजेड सुईसारखा आत.

डॉक्टरीणबाई म्हणाली, दुपारी दोननंतर कॉफी बंद.
केली.
बहीण म्हणाली, कोमट दुधात मध.
प्यायला. तीनदा उठावं लागलं.
कुणी म्हणालं, मेंढ्या मोज.
त्यानं कॉड मोजले,
पण जन्म बोटीवर गेलेला माणूस,
मोजता मोजता वजन करू लागला, भाव लावू लागला,
आणि दलालाशी भांडून टक्क जागा.

व्हॅलेरियनच्या मुळांचा काढा. वास ओल्या मोज्यांचा.
तो त्यानं खिडकीबाहेर ओतला.
तिथलं गवत मात्र
छान आडवं झालंय.

मग एका रात्री
(रात्र म्हणायची, घड्याळात होती म्हणून)
चादरी धुवायला टाकल्या
आणि मशीनला पाठ टेकून जरा बसला खाली.
फरशी थरथरली. माकडहाडातून वर चढत आलं
ते डिझेल इंजिन, ज्याच्या भिंतीला लागून
एकेचाळीस वर्षं झोपला होता.
मान कलली.

आता रोज अकराला तो मशीन लावतो, रिकामंच.

खालच्या मजल्यावरच्या टूरलाउगनं
तक्रारीची चिठ्ठी लिहून आठवडा झाला.
देईन, देईन म्हणते.
पण अकरा वाजतात, छत घुमायला लागतं,
चिठ्ठी उशाखालीच राहते
आणि तिचाही डोळा लागतो.