ऊन किती वॅटचं

तीस वर्षं वायरमन होतो. उजेड म्हणजे काय
हे मला कुणी शिकवू नये, असं वाटायचं.
लातूरला औसा रोडच्या तळघरात अभ्यासिका काढली तेव्हा
चौऱ्याऐंशी टेबलांवर चौऱ्याऐंशी पट्ट्या मीच ठोकल्या.
वहीवर सावली पडली तर पैसे परत, असं बोर्डावर लिहिलं.

कंधारचा अझीम नंबर लागून गेला
आणि जाताना काउंटरवर पिंजरा ठेवून गेला.
काकाटेल. पोपटाच्याच भावकीतली,
डोक्यावर पिवळा तुरा, गालाला शेंदराचं बोट.
लेकरं तिला शेंदरीच म्हणायची.
राळं खायची, रिंगटोनची नक्कल करायची.
वर्षभरात गालावरचा शेंदूर विटला.
मग एका सकाळी दांडीवर नव्हती,
खाली कागदावर बसली होती, पाय पोटाखाली घेऊन.

उदगीरची एस्टी. मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यावर टॉवेल.
कंडक्टरनं विचारलं, बोलतं का?
म्हणलं, सध्या नाही.

डॉक्टर बिराजदारांनी तिचा पंख
घडी घातलेल्या चिठ्ठीसारखा उलगडून बघितला.
हाडं मऊ झालीत, म्हणाले. कुठं ठेवता?
म्हणलं, भरपूर उजेडात.
ते हसले नाहीत.
उजेड आहे हो. ऊन कुठाय?

खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन अर्धंच असतं,
हे मला त्या दिवशी कळलं.
जे हाडाला लागतं ते काच बाहेरच थांबवते,
उंबऱ्याशी चपला काढून ठेवायला लावावं तसं.
शिवाय पाखराला आपल्यापेक्षा एक रंग जास्त दिसतो
आणि माझ्या पट्ट्यांत तो रंगच नाही.
म्हणजे वर्षभर ती
एक रंग काढून घेतलेल्या जगात बसली होती
आणि मी अभिमानानं लाईट बिल भरत होतो.

दिवा पुण्याहून मागवला. किंमत बायकोला अजून सांगितली नाही.
दांडीपासून दीड फूट, वरून,
बाजूनं कधीच नाही, डोळ्याला लागतो.
मध्ये काच नको, प्लॅस्टिक नको.
अर्धा पिंजरा सावलीत, कंटाळली तर सरकता यावं.
सकाळी आठला चालू, संध्याकाळी सहाला बंद.
टायमर मीच बसवला.
इन्व्हर्टरवर मात्र तो घेतला नाही.
लाईट गेली तर गेली. ढग आला समजायचं.

आणि खोक्यावर मार्करनं तारीख टाकली,
कारण वर्षानं हा दिवा बदलायचा,
जळत असला तरी.
हे मला लई दिवस पटेना.
जन्मभर मी विझलेलेच दिवे बदललेत.
डॉक्टर फोनवर म्हणाले, उजेड राहतो हो वायरमन,
ऊन संपलेलं असतं.

परवा संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर चादर टाकत होतो.
बत्तीस नंबरला देवणीची शिवलीला,
पुस्तकावर हनुवटी. तिची ही तिसरी खेप.
जिना चढताना गुडघे दुखतात म्हणते, एकोणिसाव्या वर्षी.
म्हणाली, काका, मला पण झाका.

आजूबाजूची चार लेकरं हसली. मीही हसलो.
मग वर बघितलं.
चौऱ्याऐंशी पट्ट्या. एकही फडफडत नव्हती.
एकीवरही तारीख नव्हती.

आता बोर्डावर एक ओळ वाढवलीय:
सकाळी साडेनऊ ते दहा तळघर बंद.
पालकांचे फोन येतात,
फी पूर्ण घेता आणि अर्धा तास कापता?
म्हणतो, वायरिंगचं काम चालू आहे.

गच्चीवर टाकीशेजारी पिंजरा ठेवतो.
शिवलीला कठड्याला टेकून बसते, बाह्या कोपरापर्यंत दुमडून.
हातात पुस्तक असतंच तिच्या, मी काही बोलत नाही.
शेंदरी मान तिरकी करून
तिच्या ओढणीकडे टक लावते,
आम्हाला साधी पांढरी दिसणारी ओढणी.
काय दिसतं तिला, कुणास ठाऊक.