भाटकाराची वही

रुझार मेस्त कुडतरीहून आला.
बापाचा जन्मदाखला हवा होता,
मुलाला लिस्बनला जायचंय.
इनास, सुतार. साल बहुधा तेहेतीस.

मी नोंदवही काढली.
पान एक्केचाळीस ते चव्वेचाळीस: वाळवी.
बोट लावलं तिथे पीठ झालं.

तो पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला,
तू जुने कागद वाचतोस,
आमच्या सायबाचो आसा काय रे खंय कागद?
तोय मेस्तच न्हू?

मी सांगितलं ते एवढंच:
त्याच्या हातचं काही उरलं नाही. नांगर नाही, चौकट नाही, सही नाही.
ज्या सुभेदाराने त्याला खुरसावर चढवलं
त्याच्या नावाचा दगड मिळाला समुद्राकाठी,
एका नाटकशाळेच्या जिन्यात,
पायरी म्हणून बसवलेला.
एका रोमन अंमलदाराला ही माणसं मुळीच आवडत नसत.
शहराच्या आगीबद्दल लिहिताना
त्याने जाता जाता एक वाक्य खर्च केलं.
एका ज्यू बखरकाराच्या ओळी आहेत,
पण त्यांत पुढे कुणीतरी भक्तीने भर घातली,
मूळ शाई किती, यावर पंडित अजून भांडतात.
आणि एक जण पत्रात लिहून जातो
की मी त्याच्या भावाला भेटलो.

भावाक?
रुझार सरळ बसला.
भावाक मेळ्ळो? मागीर आनीक कितें जाय?

मी काही बोललो नाही.
मला त्या अंमलदाराचं वाक्य जास्त पटतं.
तिरस्कार करणारा माणूस
न झालेल्या माणसावर शाई घालवत नाही.

महिन्याने एका भाटकाराच्या घरचे गठ्ठे आले
उंदरांच्या लेंड्यांसकट. छप्पन सालच्या जमाखर्चात:
इनास मेस्त. दार वाकडं बसवलं. पिऊन आला. आठ आणे कापले.

रुझारला वाचून दाखवलं.
'पिऊन आला' तेवढं त्याने पुन्हा वाचायला लावलं.
ते दार आहे अजून, म्हणाला,
उंबऱ्याला घासतं.

अर्जावर मी शेरा मारला: नोंद आढळली नाही.
नियमाने बरोबर.

त्याने वहीच्या पानाची झेरॉक्स मागितली,
दोन रुपये मोजले, पावती हवी म्हणाला.
कुणाच्या नावाने?
पायच्या.

असं चालत नाही खरं तर.
मी लिहिलं: इनास, सुतार, कुडतरी,
यांजकडून रुपये दोन मिळाले.
खाली आजची तारीख.