कळमन्यातली चाचणी

पहिली पाकिटं आम्ही गच्चीवर उघडली,
मानेवाड्यात, बावीस मेला, दुपारी तीन वाजता.
तिथंच चुकलं.
सेहेचाळीस अंशांत गरम खिचडीला न्याय कोण देईल?
कस्तुरीनं दोन चमचे खाल्ले आणि लिहिलं: नको.
राजमा-भात: नको.
मग जिन्याच्या सावलीत बसून
ताकाचा अख्खा तांब्या संपवला,
त्याबद्दल काहीच लिहिलं नाही.

वही माझी. रकाने मी आखलेले:
वजन, पाणी, मिनिटं, दर ग्रॅममागे उष्मांक,
आणि कडेला, उरलेल्या जागेत, चव.
बुटीबोरीला अठरा वर्षं मी गोळ्या तपासल्या,
किती दाबल्यावर फुटतात, पाण्यात किती वेळात विरतात.
रुचकर आहेत का, हे कुणी विचारलं नाही.

सप्टेंबरात सहा रात्री, बारा हजार फुटांवर,
पाठीवर अकरा अकरा किलो.
तिथं पाणी अठ्ठ्याऐंशीवरच उकळतं, मी सांगितलं.
"मग इथं घामात बसून काय कळणार आहे?"
ती म्हणाली, आणि आत्येभावाला फोन लावला.

त्याचं कोल्ड स्टोरेज आहे कळमन्यात, मिरचीचं.
फाटकावरच्या माणसानं आमचे स्वेटर पाहिले,
मग आभाळ पाहिलं,
मग काही न बोलता रजिस्टर पुढं सरकवलं.

आत चार अंश.
छतापर्यंत भिवापुरी मिरचीची पोती,
एक पिवळा दिवा, पंख्यांची घरघर.
स्टोव्हला मनाई, म्हणून थर्मास,
आणि थर्मासमध्ये माझा तापमापक.
अठ्ठ्याऐंशी झाल्यावर ओतलं.

ओतण्याआधी मी पाकीट कानाशी हलवलं.
वाटाणे खुळखुळले, तुरीच्या वाळल्या शेंगेसारखे.
गाजर होतं, भात होता, पनीरचा चौकोनही होता,
रंगरूप जागच्या जागी,
फक्त वजन कुणीतरी काढून नेलेलं.

पाकिटावर आठ मिनिटं छापलंय.
अकराव्या मिनिटाला भाताच्या पोटात खडू.
मी लिहायला घेतलं, तर पेन गोठलेलं.

"काय करून राहिल्या जी तुम्ही इथं?"
गेंदलाल. डोक्याला उपरणं, खांद्यावर हमालीचं बारदान.
कस्तुरीनं सांगितलं. त्यानं किंमत विचारली.
तीनशे चाळीस.
"आन् ओझं?"
अकरा किलो.
तो हसला नाही. चाळीस किलोचं पोतं खाली ठेवलं,
पाकिटाला हात लावून पाहिला.
"हे गार होऊन राहिलं ना, शिजन कसं?"
खांद्यावरचं बारदान काढून त्यानं
पाकीट त्यात गुंडाळलं, पोत्यांच्या सांदीत कोंबलं,
आणि आपल्या कामाला गेला.

तेरा मिनिटं.
मधे कस्तुरी दातांनी ताल धरत होती,
मी पायांची बोटं मोजत होते, दहा भरेनात.
मग उघडलं.

आधी वाफ. चष्मा गेला.
भात मऊ, वाटाणा वाटाण्यासारखा,
मिरचीच्या धुळीनं नाक वाहत होतं,
त्यामुळे चवीचा रकाना मुळातच बाद धरावा,
असं मी नंतर तळटीपेत नोंदवलं.
कस्तुरी तळापर्यंत खरवडत होती.
गेंदलालसाठी तिनं झाकणात दोन चमचे काढून ठेवले.
त्यानं खाल्ले. "मीठ कमी," म्हणाला.
हो, कमीच होतं.

मी पाकीट उलटवून पाहिलं.
मूग खिचडी. गच्चीवरचीच.
तोच लॉट क्रमांक.
वहीतल्या "नको"वर मी रेघ मारली नाही,
नियम तसा आहे, पहिली नोंद खोडायची नसते.
खाली फक्त तारीख लिहिली, तापमान लिहिलं,
शेवटचं जेवण किती तासांपूर्वी, तेही:
सहा.

बारदान त्यानं आम्हालाच दिलं.
घरी वजन केलं, सहाशे ग्रॅम. फार झालं.
हातभर तुकडा कापला, नव्वद ग्रॅम,
तीनदा झटकला, उन्हात टाकला.
सामानाच्या यादीत एकवीस क्रमांकावर आहे.
त्याला हात लावला की
कस्तुरीला अजून शिंका येतात.