बाकी

२३५३६४८१२७३.
अजनी यार्डात, कोळशाच्या डब्याच्या कुशीवर
पांढऱ्या रंगातला हा आकडा
बाबांनी नोकरीच्या शेवटच्या रात्री रजिस्टरमध्ये उतरवला
आणि मग पुन्हा एकदा, तळहातावर.

का, ते त्यांनाही सांगता येत नाही.
मोतीराम गोंडाणे, नंबर टेकर.
छत्तीस वर्षं टॉर्च घेऊन
कोराडीला जाणाऱ्या कोळशाच्या बाजूबाजूने चालले.
"शेवटचा तीन डब्याचा नसते," ते सांगतात,
"तो राखणदार असते."
सम जागांचे अंक, त्यांची तिप्पट, त्यात विषम जागांचे मिळवा:
सत्त्याहत्तर. ऐंशीला तीन कमी. म्हणून तीन.
"एक अंक चुकवून तं पाहा, कसा बोंबलते!"

तेवीस अब्ज, त्रेपन्न कोटी, चौसष्ट लाख,
एक्याऐंशी हजार, दोनशे त्र्याहत्तर.
अंकांची बेरीज चव्वेचाळीस,
म्हणजे आपल्या पिनकोडची सुरुवात.
तीनने जात नाही, दोन उरतात.
सातने चार. अकराने आठ. तेराने सहा.

मग त्यांनी नेम धरला:
रोज संध्याकाळी चहानंतर एक मूळ संख्या,
बाद रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर एक भागाकार.
आई गेली त्या दिवशीही केला,
रात्री उशिरा, दिवा न लावता,
आणि दुसऱ्या दिवशी अक्षर लागेना म्हणून पुन्हा.

काल सहा हजारावी झाली, ५९३५९.
भागाकार तीन लाख शहाण्णव हजार पाचशे दहा.
शून्य आलं नाही.

माझ्या पोरीने, संघमित्राने,
आकडा मोबाईलवर टाकला.
पापणी लवायच्या आत उत्तर:
१०४७२९ गुणिले २२४७३७.
दोन्ही मूळ. दोघांना पुढे कुणी कापू शकत नाही.
पहिली रांगेत बरोब्बर दहा हजारावी,
दुसरी वीस हजारावी.
कुणा पेंटरच्या हातून एवढा योग
डब्यावर उतरला होता
आणि त्यावरून नुसता कोळसा सांडत गेला.

ती आजोबांना सांगायला धावली.
मी व्हरांड्यात तिचं मनगट धरलं.

चार हजार दिवस राहिलेत.
अकरा वर्षांना थोडे कमी.
शहात्तर आणि अकरा किती, हे तिला विचारलं नाही;
तिने आपणच बोटं मिटली.

आमच्या गावात शून्य दगडाचं आहे,
त्याच्यापासून सगळ्या गावांची अंतरं मोजतात म्हणे.
बाबांचं शून्य अजून लांब आहे.
असू दे.

आज संध्याकाळी फाटकाशी सायकल थांबवून
रहाटे काकांनी नेहमीसारखं विचारलं,
"बाकी काय, मोतीरामभाऊ?"
आणि बाबा चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"कालची? चव्वेचाळीस हजार एकशे त्र्याऐंशी.
आजची काढून राहिलो. बस."