जोड्या जुळवा

पाटणच्या शाळेत बावीस वर्षं
मी हिरव्या खडूनं पंपास काढतोय.
खडू दर वेळी पंपासपर्यंतच पुरतो,
स्टेपच्या वाट्याला पांढरा येतो
आणि पोरांना वाटतं, तिकडं बारमाही बर्फ.
असेलही.
मी स्वतः बेळगावच्या पलीकडं गेलेलो नाही.

आज रात्री नववी ब-चे पेपर.
चाळीस पोरं, चाळीस वेळा प्रेअरी,
चाळीस वेळा 'जगाचे गव्हाचे कोठार'.
उत्तरं एकाच पाभरीनं पेरल्यासारखी,
तास न चुकता.
लाल पेन आपसूक चालतं,
दिवेलागणीला घराकडं वळलेल्या बैलागत.

मग तेजल झोरे. हजेरी क्रमांक सदतीस.

प्रश्न दुसरा, जोड्या जुळवा.
पोरीनं ब गट वाचलेलाच नाही.

मळ्याची शेती:
मामाचा मळा, उंब्रज. विहिरीच्या खालच्या अंगाला.
घेवडा आणि ऊस.
मी इथं आसाम मागितलं होतं,
चहा, रबर, मलेशिया,
पाठीवर टोपली घेऊन ओळीनं वाकलेल्या बाया.
पण मळा म्हणजे मळा.
शब्द तिच्या बाजूनं साक्ष देतोय.
पुस्तकवाल्यांनीच तो विहिरीवरनं उचलला
आणि आसामात नेऊन ठेवला.

विस्तृत शेती:
आमच्यात कुणाची नाही.

सखोल शेती:
आईचा वाफा, दीड गुंठा.
मिरची, मेथी, कडेनं झेंडू. एक दिवस मोकळा नसतो.
चीनमधल्या भाताला मी गुण देतो,
तर मेथीनं काय घोडं मारलंय?
अर्धा दिला.
चहा पिऊन आलो, उरलेला अर्धा दिला.

स्थलांतरित शेती नकाशात दाखवायची होती.
जगाचा कोरा आराखडा, चार आण्याच्या शिक्क्यागत
सगळ्यांच्या पेपरवर सारखा उमटलेला.
ॲमेझॉनचं खोरं, कांगो, मिझोरामची झूम,
एवढं रंगवलं की तीन गुण.
तिनं ॲमेझॉन तसंच ठेवलं. आफ्रिका तशीच.
हिंदुस्थानच्या डाव्या काठाला एक टिंब दिलं,
इतकं दाबून की पेन आरपार गेलं.
आणि शेजारी अरबी समुद्रात
मुंगीएवढ्या अक्षरांत:
'आमचा सडा. आजा डोंगर भाजायचा.
पहिल्या सालाला नाचणी, दुसऱ्याला वरी, तिसऱ्याला कारळा.
मग बारा वर्षं तिकडं फिरकायचं नाही.'

पान उलटलं.
भोक मागच्या उत्तरात निघालं होतं,
'लोकसंख्येची घनता' मधल्या घनतेवर.
दिव्यापुढं धरून बघितलं. सहकारी शिक्षक असते
तर हसले असते.

उत्तरसूचीत भोकाला गुण नाहीत.
सूची मीच केलीय, तीन वर्षांपूर्वी,
तालुक्याच्या बैठकीत, वडापाव खात.
वीसपैकी साडेअकरा.
सही करताना पेन जरा अडकलं.

सकाळी मधल्या सुट्टीत तिला गाठलं.
"सडा कुठला गं?"
तिनं व्हरांड्यातनं हात वर केला,
बोट नाही, अख्खा हात,
डोंगरावर पवनचक्क्या दिसतात तिकडं.
"त्या तिसऱ्या आणि चौथ्या पंख्याच्या मधी."

"आता कोण करतं?"
"कोण न्हाई. बुडात मुरूम टाकलाय."

डबा तिच्या हातात तसाच होता.
नाचणीची भाकरी असेल असं मला वाटलं,
निघाली मॅगी.
दोन घास खाल्ले, झाकण लावलं,
आणि वर्गाकडं वळता वळता म्हणाली,
"सर, बारा वर्षं भरली की परत भाजायचं असतंय.
आता अकरावं चाललंय."