बारा नंबर

फेब्रुवारीत पहिली पिशवी आली
तेव्हा तिच्यात चिखल होता, निव्वळ चिखल,
आमच्याच मैदानाचा, विटकरी,
पांढऱ्या कपड्यातून न जाणारा.
स्पोर्तिवो करांदाईची जर्सी पांढरी ठेवायची
ही अक्कल कुणाची, देव जाणे.
त्यानं कधी धुणं धुतलं नसणार.

मी सामने बघत नाही.
इतक्या वर्षांत मला ऑफसाइड कळलेला नाही.
पण पिशवी उपडी केली की सांगते
कोण पळालं, कोण नुसता ओरडत उभा राहिला,
कुणाला पाडलं आणि कोण आपणहून पडला.
आपणहून पडतो त्याचं कोपर स्वच्छ राहतं.

ला पाझहून आलेल्या जर्स्यांवर
रक्ताचे बारीक ठिपके, छातीपाशी, एका रांगेत.
मारामारी नव्हे. तिथली हवाच इतकी पातळ
की पोरांचे घोळणे फुटले.
दोन-शून्यनं हरलो.
गार पाण्यात मीठ टाकून भिजवल्या.
रक्ताला गरम पाणी लावू नये,
ते तिथंच घर करतं.

मोन्तेविदेओहून ओल्या आल्या, पावसानं जड,
आणि ओवेलारची पाठीवर फाटलेली.
बचावपटूनं अशी ओढली होती
की नखाचा तुकडा शिवणीत अडकलेला.
मी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला.
म्हटलं, बाबा, एवढी भीती वाटली तुला आमच्या पोराची?
तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही मंडळी लांब जाणार.

जूनमध्ये नदी चढली.
काठावरची वस्ती सोडून आम्ही गॅलरीखाली आलो,
चुली, कोंबड्या, आजारी माणसं आणि माझी दोन टपं.
कप्तान उर्बिएता सराव संपला की
आमच्या भिजलेल्या गाद्या उचलू लागायचा.
त्या महिन्यातला सामना मी डोक्यावर ऐकला,
चाळीस हजार पायांचा धडधडाट,
आणि गोल झाला तेव्हा वरून धूळ
सरळ माझ्या साबणाच्या पाण्यात.
सगळं पुन्हा धुवावं लागलं.
शिव्या दिल्या. हसलेही.

या सगळ्यात एक पिवळी.
बारा नंबर. राखीव गोलरक्षक लिसान्द्रो बेराची.
घडी घालून जाते, घडी घालून येते.
धुतल्या तांदळासारखी म्हणतात तशी,
पण तांदूळ निदान शिजतो तरी.
मी तीही धुवायची, सगळ्यांबरोबर.
वगळली असती तर
पोराला वासावरून कळलं असतं.

नोव्हेंबर. अंतिम सामना पेनल्ट्यांवर गेला.
रेडिओ निकानोराचा, मी त्याला पाठ करून बसलेली.
पाचवी अडवली तेव्हा गल्ली जी फुटली
ती तीन दिवस मिटली नाही.

चौथ्या दिवशी पिशवी आली,
पिशवीमागोमाग क्लबचा सेक्रेटरी, धापा टाकत,
दोन्या एदुविहिस, धुऊ नका!
काचेत ठेवायच्यात, डागांसकट.
वर्षभर ज्यांच्याशी भांडले ते डाग
आता दिवे लावून दाखवणार होते.
त्यानं एकेक मोजून घेतली.
बारा नंबर उलटीपालटी करून पाहिली.
ही राहू द्या, म्हणाला.
वाईट नाही बोलला. नुसतंच म्हणाला.

मी उलगडली.
छाती कोरी, कोपर कोरं.
फक्त डाव्या बाहीच्या टोकाशी दातांच्या खुणा,
कापड चावून चावून बोळा झालेला,
वाळून ताठ.
पाचही पेनल्ट्यांना बाकावरून
त्यानंही झेप घेतली होती.

धुतली मी. ती बाही सोडून.
दोरीवर एकटीच टांगली.
नदीवरून वारा आला, पोटात शिरला,
दोन्ही बाह्या वर गेल्या
आणि डावीकडे अशी झेपावली
की खालची कोंबडी फडफडत पळाली.
निकानोरा म्हणाली, अडवला का गं?
मी चिमटा घट्ट केला.
म्हटलं, थांब जरा,
अजून वाळायची आहे.