मोरचूद

सोहारपासून तासभर आत, वादी जिझीच्या वळणावर
डांबर संपतं आणि डोंगर काळे पडू लागतात.
गाडी हमूदचा मुलगा चालवतोय.
मागे हमूद, मांडीवर ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर
तान्ह्या नातवाला धरावं तसं.
"सिस्टर, रोज माझी छाती ऐकतेस,
ती कुठे भरली, ते तरी बघ एकदा."

हे मळीचे ढीग. तांबं वितळवून उरलेला गाळ,
हजारो वर्षांचा, आणि त्याच्यावर
हमूदची बारा वर्षं.
पायाखाली फुटक्या बांगड्यांसारखा वाजतो.
एका दगडाच्या भेगेत हिरवट निळा ओघळ.

हा रंग मला माहीत आहे.

निफाडला, छाटणीनंतर,
टाकीत मोरचूद आणि चुना ढवळायचे अण्णा.
विळा बुडवून बघायचे, पात्यावर तांबं चढतं का.
चढलं, की आणखी चुना.
मग आठवडाभर नखांत हा निळा,
धुतलेल्या सदऱ्याच्या काखेत हा निळा,
भाकरी मोडताना भाकरीवरही.
कुठल्या डोंगरातून येतो, कधी विचारलं नाही.
पिशवीवर फक्त दुकानदाराचं नाव असायचं.

खाणीच्या तोंडाला जाळी, जाळीला कुलूप.
हमूद कपाळ टेकवून उभा राहतो.
आतून गार वारा येतो, त्याच्या दाढीतून जातो.
तो काही बोलत नाही. मी घड्याळ बघते, सिलिंडरचा काटा बघते.

घरी अंगणात एकच वेल,
आईने जबल अख्दरवरून ओल्या फडक्यात आणलेली काडी.
"तू द्राक्षांच्या गावची. बघ हिला."
भुरी नाही, केवडा नाही. नुसती धूळ,
आणि किती वर्षांत कुणी छाटलेली नाही.
मासळीची कात्री मिळाली. तिनेच कापत गेले,
प्रत्येक काडीवर दोन डोळे ठेवून.

"तुमच्याकडे एवढ्या द्राक्षांचं करता काय?"
"मनुके," म्हणाले मी.
(भावाचा सगळा माल वायनरीला जातो.)
हमूद हसला, खोकला, परत हसला.
"माझा आजाही डोंगरावर हेच सांगायचा. मनुके!
माठ मात्र तोंड बांधून जमिनीत पुरलेला."
मुलाला एकदम खजूर आणायची आठवण झाली.

रात्री भावाला फोन केला. अण्णांचा विळा कुठाय?
"भंगारात गेला कधीच. आता तयार पावडर येते.
का गं?"
काही नाही, म्हटलं.

शनिवारी ड्युटीवर हात धुताना
उजव्या अंगठ्याच्या नखात निळी रेघ.
ब्रश समोरच होता.
सात नंबरच्या बेडवर हमूद, सॅच्युरेशन अठ्ठ्याऐंशी,
विचारतोय, वेल फुटायला किती दिवस लागतात.